बाजारबुणग्यांची बारा कार्डं

फट्कन रबर तुटलं. एवढासा आवाज, पण दुपारच्या त्या गपगार खोलीत तो थोबाडीत मारल्यासारखा वाजला. कार्डांचा गठ्ठा सुनेच्या हातातून सुटला, चार-पाच कार्डं टेबलाखाली गेली, आणि टेबलापलीकडे बसलेल्या सासऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. पाहिलं तेही तिच्याकडे नाही, जमिनीवर पोट टेकून चित्रं काढणाऱ्या नातीकडे.

"भुंगे, तुझ्या आईला सांग, ज्याला गठ्ठा धरता येत नाही त्यानं त्याला हात लावू नये."

भुंगी पाच वर्षांची. दिवसभर गुणगुणत असते, म्हणून भुंगी. आई हातभर अंतरावर उभी आहे आणि तिनं सगळं ऐकलंय, हे तिलाही कळत होतं. पण गेल्या नऊ दिवसांत ती या कामात चांगली तरबेज झाली होती. ती उठली, दोन पावलं चालली, आईचं बोट ओढलं आणि निरोप दिला.

"आजोबांना सांग, रबर वाळलेलं होतं. जुनं झालं की वाळतं."

भुंगी परत दोन पावलं गेली. लांबलचक निरोप थोडक्यात करायची तिला सवय लागली होती. "आई म्हणते, तुम्ही जुने झालात."

एरवी यावर तिघंही पोट धरून हसली असती. आज सासऱ्यांनी फक्त लाल पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. सून टेबलाखाली वाकून कार्डं गोळा करत राहिली.

नऊ दिवस ते दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

त्या घराची पुढची खोली म्हणजे बैठक नव्हतीच. भिंतीला लागून छतापर्यंत बुटांची रिकामी खोकी रचलेली होती, मोजून बासष्ट. सगळ्यांच्या पोटात कार्डं. गल्लीतली माणसं सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, कोशवाले म्हणत. महाविद्यालयात शिकवणं कधीच संपलं होतं, पण जुन्या लष्करी शब्दांचा कोश एकतीस वर्षं चालूच होता. कुठला शब्द कोणत्या कागदात पहिल्यांदा आला, तेव्हा त्याचा अर्थ काय होता, मग कसकसा बदलत गेला, याचा तो सगळा पसारा. एका कार्डावर एकच शब्द, एकच वाक्य, डाव्या कोपऱ्यात सन.

या सनाचाच एक नियम होता, आणि तो त्या घरात देव्हाऱ्यासारखा जपला जाई. जुन्या कागदांवर जुना सन असतो, त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवले की आपला सन निघतो. कागद उतरवून घेणाऱ्यानं जुना सन निळ्या शाईत जसाच्या तसा लिहायचा. मग अण्णा स्वतः त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवून खाली लाल शाईत आपला सन लिहिणार. निळ्यानं मिळवायचं नाही, लाल्यानं विसरायचं नाही. लाल पेनाला अण्णांशिवाय कुणी हात लावत नसे. भुंगीनं एकदा त्यानं मांजर काढलं होतं, तर तिला ते मांजर खोडरबरानं पुसायला लावलं होतं. लाल शाई काही पुसली गेली नाही, कागद मात्र फाटला.

निळी शाई पंचवीस वर्षं सासूबाईंची होती. त्या कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये एक कार्ड उतरवत. अक्षर असं गोल की बघणाऱ्याचे डोळे निवावेत. बोटं आखडायला लागली तेव्हा त्यांनी निळं पेन सुनेच्या हातात दिलं. सून त्याआधी शाळेत भाषा शिकवायची. पोटात भुंगी आली आणि शाळा सुटली, आणि दिवसाचे ते मोकळे तास या कार्डांनी भरले. सासूबाईंच्या बोलण्यात सदा लष्कर. स्वयंपाकघर ही छावणी, धुण्याचा ढीग हा वेढा, आणि रात्री भुंगीनं टाहो फोडला की त्या पलंगापाशी येऊन म्हणायच्या, "तोफ सुरू झाली गं. तू पड, मी बघते." आणि खरंच बघायच्या. पहिले चार महिने सून त्यांच्या जिवावर झोपली. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. कोशाच्या मुखपृष्ठावर त्यांचं नाव कुठं नव्हतं. प्रस्तावनेत एक आभाराची ओळ होती, तीसुद्धा कागद पुरवणाऱ्या दुकानदाराच्या खालची.

आता ज्यावरून सगळं पेटलं तो शब्द. बाजारबुणगे. आज एखाद्या पुढाऱ्याच्या मागंमागं फुकट हिंडणारी, खायला पुढं आणि कामाला मागं अशी चार माणसं दिसली की आपण म्हणतो, निघाले बाजारबुणगे. शिवीच ती. अण्णांचं म्हणणं, ही शिवी जन्मापासूनच शिवी होती. त्यांच्याकडची सगळ्यात जुनी कार्डं एका मोठ्या पराभवानंतरच्या पत्रांतली, लाल शाईत सतराशे पासष्टच्या आसपासची. हरून आलेले सरदार त्यात लिहितात की या बाजारबुणग्यांनी घात केला, यांच्या ओझ्यानं फौज बुडाली. आणि मग पन्नासेक वर्षांनी, अठराशे वीसच्या बारा कार्डांवर हाच शब्द नुसत्या यादीच्या डोक्यावर शांतपणे बसलेला. म्हणजे शिवीची धार हळूहळू गेली, साधं नाव उरलं, शब्द सुधारला. या एका मांडणीवर अण्णांनी जे व्याख्यान दिलं होतं त्याचं मानपत्र खोक्यांच्या वर अजून टांगलेलं होतं, आणि ते व्याख्यान छापूनही आलेलं होतं.

सुनेला त्या बारा याद्या फार आवडायच्या. तळावरच्या माणसांच्या याद्या त्या. नालबंद सहा, मोची चार, शिंपी, पाणके, गवत कापणारे, दळणाऱ्या बायका चाळीस, सुईण एक, लहान मुलं अडतीस. एका यादीखाली कारकुनानं लिहिलं होतं, 'शिधा आधी यांस द्यावा. हे खोळंबले तर फौज खोळंबते.' भुंगीला दुपारी थोपटताना तिला ती अडतीस मुलं दिसायची. कुणाच्या पाठीवर झोपत असतील, नालबंदाच्या ठोक्यांनी दचकत असतील, सुईण एकटी कशी पुरी पडत असेल.

दहा दिवसांपूर्वी, भुंगी झोपलेली असताना, ती दुसऱ्याच खोक्यातली कार्डं लावत होती. तिथं तिला एक डोळा गेलेल्या सरदाराच्या मृत्यूचं पत्र सापडलं, सतराशे पंचावन्नचं. नाव ओळखीचं वाटलं म्हणून तिनं त्या याद्या काढून पाहिल्या. तोच सरदार अठराशे वीस साली तळावर जातीनं धान्य वाटत होता. मेल्यावर पासष्ट वर्षांनी.

तिनं कार्ड उलटलं. मागं शिसपेन्सिलीनं, गोल अक्षरात, एकच शब्द होता. 'मिळवले.'

बाराच्या बारा कार्डांवर तेच.

मग सगळं उलगडलं. वीस वर्षांपूर्वी अण्णा विषमज्वरानं दीड महिना अंथरुणाला खिळले होते. याद्यांचा गठ्ठा कुणाकडून तरी उसना आणलेला, परत करायची घाई. सासूबाईंनी तो उतरवला आणि नवरा उठल्यावर त्याला तेवढंच कमी काम म्हणून अठ्ठ्याहत्तर स्वतःच मिळवून टाकले. मागं तशी खूण केली. अण्णा बरे झाले, निळा आकडा पाहिला, रिवाजाप्रमाणं त्यात पुन्हा अठ्ठ्याहत्तर मिळवले. कार्ड उलटलंच नाही. म्हणजे याद्या सतराशे बेचाळीसच्या. पराभवाच्या आधीच्या. आधी हे साधं, कामाच्या माणसांचं नाव होतं. हरल्यावर त्याची शिवी झाली.

सून वेडी. तिला वाटलं अण्णांना आनंद होईल. तशीच ती कार्डं घेऊन बाहेर गॅलरीत अण्णांकडे धावली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. समोर कोश छापणारे छापखानेवाले बसले होते, चहाचा कप तोंडाला लावून. ते हसले ते हसलेच. म्हणाले, अहो कोशवाले, तुम्ही तर मेलेल्या माणसाला कामाला लावलंत.

अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला. पाहुणा जिना उतरून गेला, तेव्हा त्यांनी बारा कार्डं पालथी टाकली आणि थंडपणे सुनेला सुनावलं की शिसपेन्सिल कुणीही चालवू शकतं, आणि या घरात पेन्सिली कुणाकडे असतात ते त्यांना ठाऊक आहे. म्हणजे खोटेपणाचा आरोप. सहा वर्षं ज्यांच्या कार्डांपायी तिनं डोळे फोडले, त्यांच्याकडून.

तिथून बोलणं बंद. अण्णा आपला चहा आपण करून घेऊ लागले, आणि ओट्यावर दूध सांडून मुद्दाम तसंच ठेवू लागले. तिनं निळं पेन त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवलं, टोपणाशिवाय, म्हणजे ते वाळावं. त्यांनी मुखपृष्ठाच्या मुद्रितावरून, म्हणजे छपाईआधी तपासायला आलेल्या कागदावरून, 'साहाय्य' या शब्दाखालचं तिचं नाव लाल रेघ मारून उडवलं आणि तो कागद तिला दिसेल असा उघडा टाकला. तिनं त्यांच्या खोलीतला केर काढणं सोडलं. नवरा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत दिवसभर लोकांची बोलणी खाऊन यायचा. तो दोघांच्या मध्ये बसून टीव्हीचा आवाज वाढवायचा आणि म्हणायचा, तुमच्या लढाईत मला कशाला ओढता. रात्री तिनं विचारलं की तुम्हाला तरी पटतंय ना, तर त्यानं कूस बदलली. सगळी ये-जा भुंगीच्या पायांवर होती. बिचारीला त्यात गंमतही वाटत होती. पण दोन दिवसांपासून ती झोपेत निरोप सांगू लागली होती, आणि ते ऐकून आई उठून बसायची.

आज दहावा दिवस. चार वाजता छापखानेवाले शेवटचं मुद्रित न्यायला यायचे होते. ते गेलं की कोश छापला जाणार, आणि जे असेल ते कायमचं.

पावणेचारच्या सुमाराला अण्णा तोंड धुवायला आत गेले. मुद्रित टेबलावर होतं. सून कार्डं हातात धरून उभी राहिली, एकदा आतल्या दाराकडे पाहिलं, आणि पानं उलटली.

बाजारबुणगे. सगळी नोंद लाल शाईनं भरून गेली होती. बाराही सन खोडून नवे घातले होते. पहिला अर्थ, लष्कराबरोबर चालणारी कामकरी माणसं, बायकामुलांसह. दुसरा अर्थ, पराभवानंतरचा, निंदेचा. कारकुनाचं ते शिध्याचं वाक्यसुद्धा घेतलं होतं. कापऱ्या, टोकदार अक्षरात म्हाताऱ्यानं नऊ दिवस एकट्यानं बसून स्वतःचं मानपत्र स्वतःच्या हातानं फाडलं होतं. सुनेचे डोळे भरून आले. कितीही खाष्ट असो, माणूस हाडाचा कोशकार, असं मनात म्हणत तिनं सहज प्रस्तावनेचं पान उलटलं.

तिथं समासात एक वाक्य नव्यानं घातलेलं होतं. 'या शब्दाच्या काळनिश्चितीत पूर्वी राहिलेला दोष माझ्या दिवंगत पत्नीने कार्डे उतरवताना परस्पर केलेल्या ढवळाढवळीमुळे घडला होता.'

ढवळाढवळ. आभाराची ओळ त्याच्या वरच होती, दुकानदाराच्या खाली.

अण्णा टॉवेलनं तोंड पुसत आले, आणि तिच्या हातात मुद्रित पाहून दारातच थांबले. सवयीनं त्यांची नजर खाली नातीकडे गेली.

"भुंगीला नका मध्ये घालू," ती म्हणाली. "मला सांगा. हे काय लिहिलंत?"

"खरं ते लिहिलं. नियम कुणी मोडला?"

"तुम्ही अंथरुणात होतात. तुमचा मुलगा शाळेत. घरदार सांभाळून त्यांनी तुमचं काम हलकं केलं."

"हलकं करायला सांगितलं नव्हतं. उतरवायला सांगितलं होतं."

"आणि कार्ड उलटायला तुम्हाला काय झालं होतं?"

अण्णांनी टॉवेलाची घडी घातली, खुर्चीच्या पाठीवर टाकली. "तिनं कधी चूक केली नव्हती. कशाला उलटायचं?"

हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं की सुनेनं हातातलं मुद्रित टेबलावर टेकवलं. मग तिला पुन्हा ते वाक्य दिसलं. "मग जन्मात एकदा केली, ती छापून ठेवता?"

"तिला आता काय फरक पडतो?"

"मग तुमच्या नावावर घ्या. तुम्हालाही काही फार दिवस फरक पडायचा नाही."

बोलून गेली आणि तिचं तिलाच बोचलं. भुंगीची गुणगुण थांबली.

अण्णा खुर्चीत बसले. रागावलेसुद्धा नाहीत, आणि तेच जास्त वाईट होतं. वर्गात विद्यार्थ्याला ऐकवावं तसं त्यांनी तिला सावकाश ऐकवलं. एकतीस वर्षं त्यांच्या शब्दावर उभी आहेत. कोशकारच बेसावध होता असं छापलं, तर उद्या लोक उरलेली एकसष्ट खोकीही संशयानं उघडतील. ते व्याख्यान जगभर गेलंय, तेव्हा नोंद बदलायची तर कारण द्यावंच लागेल, आणि कारण एवढं एकच आहे. ते नको असेल तर त्यांची ना नाही, मग नोंदही जुनीच जाईल. मेलेला सरदार खुशाल धान्य वाटू दे.

"निवड तू कर," ते म्हणाले. "नाहीतरी या घरात सगळं तुलाच कळतं."

ते तसं करतील हे तिला माहीत होतं. या माणसानं एकदा एका काना-मात्रेवरून सख्ख्या भावाशी अकरा वर्षं अबोला धरला होता.

तिनं मुद्रिताकडे पाहिलं. एका पानावर दळणाऱ्या बायका, सुईण, अडतीस मुलं, पहिल्यांदाच आपापल्या जागेवर नीट बसलेली. दुसऱ्या पानावर सासूबाई, आणि त्यांच्या नावापुढं ढवळाढवळ. एकीला उचलायचं तर दुसरीला टाकायचं. लोक प्रस्तावना वाचतात, नोंदी शोधणारे थोडे. भुंगी मोठी होईल, एखाद्या ग्रंथालयात हे उघडेल, आणि आजीबद्दल तिला छापील असं एवढंच सापडेल. जी रात्ररात्र तिला खांद्यावर घेऊन फिरली, तिच्याबद्दल.

जिन्यावर खोकला वाजला. छापखानेवाले नेहमी पहिल्या मजल्यावर थांबून खोकत.

सून टेबलाला वळसा घालून अण्णांच्या बाजूला गेली आणि लाल पेन उचललं. अण्णांचा हात पुढं झाला, मध्येच थांबला. तिनं 'माझ्या दिवंगत पत्नीने' हे तीन शब्द खोडले. वर लिहिलं, 'माझ्या सुनेने.'

अण्णांनी वाचलं. चष्मा काढून पुन्हा वाचलं. त्या वेळी ती या घरात नव्हती, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं. नुसतं 'नको' म्हणाले असते, तरी पुरलं असतं. ती पेन हातात घेऊन उभी होती, वाट पाहत. खालचा खोकला एक मजला वर आला.

"शाई वाळू दे," अण्णा म्हणाले. "मग घडी घाल."

छापखानेवाल्यांनी दारातच उभ्या उभ्या पानं चाळली. त्यांना सगळं वाचायची खोड होती, फुकटची. प्रस्तावनेच्या समासाशी थांबले आणि भुवया वर गेल्या.

"असं आहे होय," ते म्हणाले. "म्हणजे घोळ बाईंचा, आणि परवा आव काय, तर साहेबांची चूक सापडली म्हणून." मग अण्णांकडे वळून, मान हलवत, "घरातल्या माणसांना कामाला लावलं की हे आलंच, नाही का."

अण्णा खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. सुनेनं पिशवी पुढं केली, मुद्रित भुंगीच्या जुन्या रेनकोटात गुंडाळून तिच्यात सरकवलं, कारण पिशवीचा तळ फाटका होता. जिना उतरणारी पावलं ऐकू येईनाशी झाली. तिनं दार लावलं आणि कडीवर हात तसाच ठेवून उभी राहिली. आता रडले तर अण्णांना दिसेल, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

भुंगी तिच्या पायाशी येऊन उभी होती. निरोप नेताना उभी राहायची तशी, ताठ.

"आई, बाबा शाळेत होते तेव्हा तू कुठं होतीस?"

"माझ्या आईकडे. मीपण शाळेतच होते."

"आपल्या घरी नव्हतीस?"

"नाही गं. तेव्हा मला हे घर माहीतसुद्धा नव्हतं."

भुंगीनं मान वळवून आजोबांकडे पाहिलं. ते कागदांवर वाकले होते, पण पेन हलत नव्हतं. मग तिनं पुन्हा आईकडे पाहिलं. कपाळाला बारीकशी आठी.

"मग ती चूक तू कधी केलीस?"